झीलकऱ्याची जागा

आमच्या दंडारीची जुनी कॅसेट मी नव्याने रेकॉर्ड केली आणि तिची माती केली. स्टुडिओवाल्याचा यात दोष नाही. गाणी कशी बसवायची आणि कोणाला घ्यायचं, हे सगळं मीच ठरवलं होतं. ज्याच्या गळ्यावर ती कॅसेट उभी होती, त्या माझ्या चुलतभावाला दाराबाहेर ठेवणाराही मीच.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते आणि चौकात गाण्या-नाचाची दंडार होते. पुढे एक गाणारा, मागे झील धरणारे चार-पाच जण. भाऊ पुढे असायचा आणि मी मागे. पुढे गाणारा ओळ उचलतो, पण पुरी करत नाही. शेवटचे दोन-तीन शब्द तो मागच्यांसाठी सोडतो. आम्ही ते झेलतो, तेवढ्यात तो श्वास घेतो. हे कोणी शिकवत नाही. गावातल्या बायाही घरकाम करताना अशाच गातात, एकीने सोडलेलं दुसरी उचलते.

ऐन तिशीतला होता भाऊ, तेव्हा ती कॅसेट निघाली. राइस मिलच्या गोदामात धानाची पोती रचलेली होती, आवाज घुमू नये म्हणून तीच जागा धरली. वरच्या बांबूला एकच माईक टांगला. आम्ही झीलकरी दंडारीत उभे राहतो तसेच भाऊच्या मागे उभे राहिलो, त्यामुळे कॅसेटमध्ये आमचा आवाज दुरून येतो. अड्याळच्या बाजारात ती कित्येक वर्षं विकली गेली. कॅसेटवरच्या चित्रात भाऊ एकटाच होता, फेटा बांधलेला. ते चित्र मला सलायचं. हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही.

पुढे भाऊचा गळा बसला. वरच्या सुरात गेला की आवाज फाटायचा. त्याने दंडार सोडली आणि पुढची जागा मला मिळाली. मग मोबाइलवर सगळेजण गाणी टाकू लागले, तेव्हा मी ठरवलं की ही कॅसेट नव्याने करायची, कीबोर्ड, ऑक्टोपॅड सगळं घालून. समाजमंदिरात तालीम चालू होती. भाऊ आला आणि चप्पल काढून दाराशीच उभा राहिला.

"पुढचं तर माझ्यानं होत नाही आता," तो म्हणाला. "तू गा. मी मागं झील धरतो."

ज्याच्या मागे मी वीस वर्षं उभा राहिलो, तो माझ्या मागे उभा राहायला तयार होता. मी पेटीवरचा हातही उचलला नाही.

"झीलकरी लागत नाहीत आता भाऊ. मशीनवर मीच चारदा गातो. ऐकणाऱ्याले चार जण गाऊन राहिले असं वाटते."

ढोलकीवाला हसला. भाऊही हसला. "चार तू, आन पाचवाबी तूच? मग ऐकाले कोन बसते?" म्हणाला आणि चप्पल घालून गेला.

आता त्या दोन रेकॉर्डिंगांबद्दल सांगतो. नंतर मी दोन्ही पाठोपाठ ऐकली आहेत, पुन्हा पुन्हा, स्वतःवर चिडून. जुन्या कॅसेटमध्ये पहिला गण संथ सुरू होतो आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत ढोलकीवाला इतका तापतो की गाणं पळायला लागतं. भाऊ त्याला आवरत नाही, त्याच्या बरोबरीने पळतो. नव्या गणात माझ्या कानात यंत्राचा ठोका होता. गाणं शेवटपर्यंत एकाच लयीत जातं, गिरणीच्या पट्ट्यासारखं. दुसऱ्या गाण्यात भाऊ बेसूर आहे. होताच. जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. ते गाणं मी नीट सुरात गायलो आहे. पण नव्या रेकॉर्डिंगची बाजू घ्यायला माझ्याजवळ तेवढं एकच आहे.

खरी घाण पुढच्या गाण्यांत आहे. तिथे मी प्रत्येक ओळ पुरी गायलो. शेवटचे शब्द मागे उभा राहून मी जन्मभर म्हटले होते, ते माझेच वाटायचे, सोडवेनात. आणि मग ते सोडले नाहीत ते नाहीत, वर माझ्याच चार आवाजांत तेच शब्द पुन्हा येतात. सगळे एकाच लांबीचे, एकाच जागी संपणारे. जुन्या कॅसेटमध्ये एक जण आधी संपवतो, एक मागून येतो, एकाला मध्येच खोकला येतो. माझ्या झिलीत कोणी खोकत नाही.

त्या वर्षी मंडईत मी नवं रेकॉर्डिंग लाऊडस्पीकरवर लावलं. दुपार होती, चौक भरला होता. ओळीच्या शेवटी लोकांनी सवयीने झील धरली आणि त्यांचा आवाज माझ्या आवाजावर आदळला. दुसऱ्या ओळीलाही तेच झालं. तिसऱ्या ओळीला कोणी तोंड उघडलं नाही. बाया आपसात बोलू लागल्या, कोणी भज्यांच्या दुकानाकडे निघालं.

भाऊ पारावर बसला होता. तो मोठ्याने म्हणाला, "काहून रे, साऱ्या गावाचा घास एकटाच खाऊन राहिला?"

लोक हसले. मला तिथेच चूक कळली होती आणि कळली म्हणूनच संताप आला. मी माईकवरून बोललो. तेच मला आजही झोपू देत नाही.

"तुमचा गळा गेला म्हणून तुमच्या पोटात दुखते भाऊ. मेलेल्या आवाजानं घरी बसावं."

लाऊडस्पीकरचं तोंड चारी बाजूंना होतं. तळ्याच्या पाळीपलीकडेही ऐकू गेलं असेल. भाऊ उठला आणि चालू लागला. त्या दिवसापासून तो गायला नाही. सप्ताहातल्या भजनाला टाळ घेऊनही बसला नाही. आमचं बोलणं तर बंदच झालं. रस्त्यात समोर आला की मी सायकलची चेन बघायचो.

पुढच्या पोळ्याला मी एकदा बोललो, "भाऊ, तुमाले वाईट वाटलं असंन तर..." त्याने बैलाच्या पाठीवरून हात फिरवत विचारलं, "असंन तर म्हंजे? तुले मालूम नाही?" मी परत आलो. नंतर भाऊच्या जावयाकडून निरोप पाठवला. जावई उत्तर घेऊन आला: "त्याले म्हणा, मशीनवर चारदा बोलून घे."

बायकोने चहाचा कप समोर आदळला. "तुमी बोललात साऱ्या गावात, आन माफी मागता कोपऱ्यात. मोठे भाऊजी काय खुळे आहेत?"

तिच्यावरही मी ओरडलो. पण तिचं खरं होतं. मला माफी हवी होती, पण ती मागताना कोणी बघायला नको होतं.

यंदाच्या मंडईत, दंडार सुरू व्हायच्या आधी, मी माईक हातात घेतला. भाऊ आलेला होता, गर्दीच्या मागच्या टोकाला, निघायच्या तयारीत. लोकांना वाटलं मी गाणार. ढोलकीवाल्याने थापही दिली. मी त्याला हाताने थांबवलं. मग गर्दीच्या मागच्या टोकाकडे बघून बोललो.

"भाऊ, याच माईकवरून मी तुमाले मेलेला आवाज म्हटलं. ते नीच बोलणं होतं. तुमी माझ्या मागं उभं राहाले आले होते, मी उभं राहू देलं नाही. चित्रात तुमी एकटे होते, त्याचा मले राग होता. तुमचा काहीच दोष नव्हता. तुमी बोला नाहीतर नका बोलू. माझं चुकलं, मले माफ करा."