राहिलेले तीन टोल

आधीच सांगते, मी शाळेत विज्ञान शिकवते. भूतबीत म्हटलं की सगळ्यात आधी मीच हसते. तरीही हे लिहितेय...

जालन्याहून परभणीकडे जाताना पूर्वी मीटरगेजवर एक छोटंसं स्टेशन होतं. एक खोली, एक बाकडं, एक कडुलिंब. माझे वडील, म्हणजे अण्णा, तिथे पोर्टर होते. कडुलिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा हीच स्टेशनची घंटा. जालन्याकडून गाडी येणार असली की दोन टोल, परभणीकडून असली की तीन. टोल ऐकून लोक वावरातलं काम टाकून पळत यायचे.

मग ब्रॉडगेज आली आणि स्टेशन बंद झालं. मीटरगेजची शेवटची गाडी परभणीकडून येणार होती. इंजिनाला हार घालायचा, नारळ फोडायचा... नुसती गडबड! अण्णांच्या एका हातात हार, दुसऱ्यात नारळ — आणि टोल द्यायचे राहूनच गेले. उभ्या नोकरीत पहिल्यांदा. शेजारच्या कमळामावशींना त्या गाडीत बसायची फार हौस होती. टोलाची वाट बघत त्या कापूस वेचत राहिल्या आणि गाडी निघून गेली. मावशी विसरल्या, अण्णा नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात नारळ बंद! मला फार वाईट वाटायचं.

काही वर्षांनी, दिवाळीच्या सुट्टीत, भर दुपारी मी अण्णांबरोबर तिथे गेले. खोलीचं छप्पर उडालेलं, रुळाचा तुकडा तर भंगारात कधीच गेलेला. कडुलिंबाखाली बसून आम्ही शेंगा खात होतो.

आणि तीन टोल पडले. सावकाश, मोजून. मी वर पाहिलं... फांदीवर जुन्या तारेचा वळ, बाकी काही नाही. अण्णांच्या हातात शेंगा तशाच.

तेवढ्यात कमळामावशी वावरातून धावत आल्या, ओटीत कापूस घेऊन.

"अण्णा, तीन टोल वाजले ना? परभणीकडची थांबून राह्यली का आज?"

"न्हाई हो मावशी. ते मागचे राह्यल्ते ना... तेच हायेत."

"मंग बराबर," म्हणत मावशी बसल्या आणि शेंगा सोलू लागल्या.

जवळपास कुणी लोखंड ठोकत होतं का, हे मी नंतर विचारून पाहिलं. कुणीच नव्हतं. खरं सांगू? फार खोलात मीही शिरले नाही. कारण घरी येताना अण्णा दुकानापाशी थांबले.

"एक नारळ घे. चटणी कर."

चटणीत माझ्याकडून मीठ जास्त पडलं होतं. अण्णांनी तीनदा मागून घेतली.