सोमीताईनं लपवलेलं पान

ॲडव्होकेट सोमी हिलम यांच्यावर मी दोन वर्षं पाळत ठेवली. आता त्याची लाज वाटते, तेव्हा मात्र वाडीला मीच वाचवणार अशा थाटात फिरत होतो.

बाई आमच्यासारखीच कातकरी. जन्म वैशाखऱ्याजवळच्या वाडीतला, आईबाप वीटभट्टीवर. आश्रमशाळेत शिकली, कल्याणला कायदा केला आणि मुरबाडच्या कोर्टात काळा कोट घालून उभी राहिली. पहिलीच केस भट्टीवर डांबून ठेवलेल्या सात कुटुंबांची. ती कुटुंबं सुटली आणि हिचं नाव झालं. पुढं पिठाच्या गिरणीवरची खोली घेऊन तिनं संस्था काढली. जातीचे दाखले, पोलिसांनी उगाच उचललेली माणसं, घराखालची जागा, असल्या कामांना तिथं रांग लागे. मला हे सगळं ठाऊक होतं आणि म्हणूनच खटकायचं. एवढं करून हिला मिळतं काय?

आमच्या वाडीची चौदा घरं, सगळी वनखात्याच्या जागेवर. वनहक्काचा दावा मंजूर झाला तर आम्ही राहणार, नाहीतर उठणार. पलीकडच्या फार्महाऊसवाल्याला तेच हवं होतं, कारण त्याला रस्ता आमच्या दारातून काढायचा होता. मी बारावी पास, आसनगावच्या गोदामात कामाला, म्हणून वाडीच्या वनहक्क समितीचा सचिव. पाहणीला वनखात्याचे साहेब आले तेव्हा वाडी मीच फिरवून दाखवली. चार महिन्यांनी दावा फेटाळल्याचं पत्र आलं. कब्जा जुना नाही, एवढंच कारण.

अपील सोमीताईनं घेतलं. पाहणीच्या अहवालाची नक्कल तिनं मिळवली, पहिलं पान सगळ्यांना वाचून दाखवलं आणि दुसरं फाईलमध्ये घातलं.

"दुसऱ्यात काय हाय, ताय?" मी विचारलं.

"कामाचं काय नाय रे, नवसू," ती म्हणाली आणि माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिली.

तिथंच माझं डोकं फिरलं. त्यात बाईनं नवंच सुरू केलं. घरोघर जाऊन चुलीपाशी बसायची, दारापासून चुलीपर्यंत टेप लावायची, वहीत आकडा लिहायची. कशाला, ते सांगायची नाही. मी म्हाताऱ्या बुधीच्या कानात सांगितलं, ही फार्महाऊसवाल्याला नकाशा करून देतेय. बुधीनं ते वाडीभर केलं. मग 'आम्हाला ही वकील नको' असा अर्ज मी लिहिला आणि अकरा घरांनी अंगठे दिले. शिवाय माहिती अधिकारात अहवाल मागवला. दुसरं पान मला तिच्या तोंडावर मारायचं होतं.

सुनावणीच्या आठवडाभर आधी ते टपालानं आलं. 'घरे कधी बांधली असे विचारता, समितीच्या सचिवांनी सर्व घरे याच वर्षी बांधल्याचे सांगितले.' खाली माझी सही, पाहणीच्या दिवशी न वाचताच ठोकलेली.

आम्ही दिवाळीनंतर भट्टीवर जातो, पावसाच्या आधी परततो आणि कुडाची घरं दरवर्षी नव्यानं उभी करतो. साहेबांनी कुडाचं कौतुक केलं, घर कधीचं विचारलं, आणि मी फुशारकीनं म्हणालो, यंदाचंच, सगळी यंदाचीच. खोटं एक अक्षर बोललो नव्हतो.

तसाच गिरणीवर गेलो आणि पान तिच्यापुढं ठेवलं. "मला बोलली का नाय?"

"मला वाटलं, तुला फार्महाऊसवाल्यानं पढवलंय. तुला बेत कळला असता तर त्यानं चुली उकरून टाकल्या असत्या."

मला भयंकर राग आला. मी विकला गेलोय असं हिला वाटलंच कसं? मग खिशातला अकरा अंगठ्यांचा अर्ज आठवला. बेत तिनं त्याच दिवशी सांगितला. घर दरवर्षी नवं होतं, पण चुलीची जागा बदलत नाही; टेपनं ती तीच जागा नोंदवत होती. परतल्यावर बायका जुन्या राखेवरच माती लिंपून चूल मांडतात, म्हणजे वर्षाला राखेचा एक थर. तिची आईही तेच करायची.

सुनावणीत तिनं एवढंच मागितलं, की अपील ऐकणाऱ्या साहेबांनी येऊन एक चूल खणून बघावी. साहेब आले. सगळ्यात जुनी चूल बुधीची, आणि बुधी चुलीपुढं फतकल मारून बसली. "ही बाय वाडी विकाया निघालीय. चुलीला हात लावू देणार नाय."

ते शब्द माझेच होते. सगळी वाडी जमलेली. "बुधीआजी," मी म्हणालो, "घरं यंदाची असं पाहणीच्या साहेबाला मीच बोललेलो. दावा माझ्यामुळं गेला. तायनं काय नाय केलं."

बुधी माझ्याकडं बघत बसली, मग तिनं भाताचं टोप उतरवून बाजूला ठेवलं आणि उठली.

कुदळ लागली. राख, माती, राख, माती. साहेबांनी राखेचे चाळीस थर मोजले आणि खाली अजून होते तरी पुरे म्हणाले. तिथंच दोन पानांचा पंचनामा लिहिला. सोमीताईनं तो माझ्या हातात दिला.

"दोन्ही पानं वाच," ती म्हणाली. "मंग सही कर."