मांजरीचं न झालेलं ऑपरेशन

मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला जाताना बायकोने मला एकच काम सांगितलं होतं: मांजरीचं ऑपरेशन करून घ्या, पिल्लं नकोत. मी ते केलं नाही. केलं, असं सांगितलं.

मांजरीला टोपलीत घालून करोल बागेतल्या एका वयस्कर डॉक्टरांच्या दवाखान्यापर्यंत नेलं होतं. ती इतकी ओरडत होती की नाव न नोंदवताच मी रिक्षाने मुनिरक्याला घरी परतलो. संध्याकाळी बायकोचा फोन आला. "झालं का हो?"

"झालं. झोपली आहे."

पुढच्या आठवड्यात नेऊ, असं मनाशी म्हटलं होतं. नेलं नाही. बायको तीन महिन्यांनी आली, तोवर ऑपरेशनसाठी भादरलेले पोटावरचे केस पुन्हा उगवले असतील, असंच तिला वाटलं. पण मांजर माजावर यायची. ते कळू नये म्हणून मी माज दाबायच्या गोळ्या आणल्या आणि सायीत चुरून दिल्या. चार वर्षं.

गेल्या हिवाळ्यात चादरीवर रक्ताचे डाग दिसू लागले. जवळच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आंटी, इसका ऑपरेशन हुआ है ना?"

"हाँ जी, चार साल पहले," बायको म्हणाली. मी शेजारीच उभा होतो.

मग रक्त लघवीतूनच येतंय असं धरून त्या त्रासाची औषधं सुरू झाली. दीड महिना त्यातच गेला. आज डॉक्टरीणबाईंना खरं सांगू, असं म्हणून मी रोज चपला घालायचो, गल्लीत दोन चकरा मारायचो आणि दूध घेऊन परत यायचो. शेवटी सोनोग्राफी झाली. "आंटी, बच्चेदानी तो अंदर ही है. और उसमें गाँठ है." गर्भाशयातला कॅन्सर फुप्फुसापर्यंत गेला होता. गोळ्यांनी असं होतं का, हे मी बाईंना नंतर एकटाच जाऊन विचारलं. "हो सकता है, अंकल. दी किसने?" मी निघून आलो.

बायको मात्र करोल बागेतल्या डॉक्टरांवर संतापली. "म्हाताऱ्याने नुसती भूल देऊन परत पाठवली." त्यांना फोनवर वाट्टेल ते बोलली. मराठी मंडळातल्या बायकांनाही सांगितलं, तिकडे कुणी जाऊ नका. होळीच्या आधी मांजर गेली.

गेल्या मंगळवारी चहा पिताना बायकोला सगळं सांगून टाकलं. तिने कप खाली ठेवला.

"गोळ्या कशात देत होतात?"

"सायीत."

तिने दोन्ही कप उचलून आत नेले. मग म्हणाली, "त्या डॉक्टरांकडे आजच जा. मी येणार नाही."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "मैंने पुराने सब रजिस्टर निकलवाए थे," ते म्हणाले. "एंट्री नहीं मिली. सोचा, लिखना भूल गया, ऑपरेशन भी गलत किया होगा. बेटे ने कहा, पापा, अब सर्जरी छोड़ दो. छोड़ दी." मग त्यांनी विचारलं, "आप ये लिखकर देंगे? बेटे को दिखाना है."

हिंदीत तिथेच लिहून दिलं. हे मराठीत लिहितो आहे, कारण आमच्या मंडळात त्यांची बदनामी मराठीत झाली.