दोन्ही पाय नॉर्मल

"विचारलं तेवढंच सांगा. मला लिहू द्या."

डॉक्टर हे मला म्हणाला, पण तोंड कॉम्प्युटरकडं. बोटं टकटक चाललेली. मी एवढंच म्हणत होतो, "साहेब, डावा तळवा बधिर झालाय, खाली फोड आलाय." दारात ताटकळलेली दोन माणसं हसली. मीपण हसलो. माझी खोडच आहे ती. कुणी थोबाडात मारली तरी आधी हसायचं.

सोनईत माझं शिलाईचं दुकान. शुगर आहे. उजवा पाय गुडघ्याखाली रबरी. तरुणपणी कोल्हारजवळ मोटारसायकलवरून उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करायला गेलो. ट्रॉली पुढं गेली, पाय मागं राहिला. तेव्हापासून मशीन डाव्या पायावर. तोही गेला की मी घरी बसलो.

नगरच्या त्या मोठ्या दवाखान्यात मी थाटात जायचो. इस्त्रीची पँट, मोजे, चकचकीत बूट. रबरी पाय कुणाला कळू नये म्हणून. तीन वेळा गेलो. तिन्ही वेळा डॉक्टरला कळलं नाही. आणि मी शहाणा, घरी येऊन छाती फुगवून बायकोला सांगतोय, "एवढ्या मोठ्या डॉक्टरला पत्ता लागला न्हाई! बघ कसा चालतो मी."

"अहो, बूट काढायला लावले न्हाईत?"

"न्हाई."

"मंग त्यानं बघितलं तरी काय?"

मी चहा मागितला.

बाहेर पडताना काउंटरवरची मुलगी टॅब पुढं करायची. "काका, हसरा चेहरा दाबा ना." काका म्हटलं की मी विरघळलोच. तिन्ही वेळा दाबला. पूर्ण समाधानी.

तिसऱ्या वेळी तपासणीचे तिन्ही कागद छापून मागितले. सगळं इंग्रजीत. गावातल्या मेडिकलवाल्यानं वाचले आणि खुसखुसायला लागला.

"मामा, पेढे काढा. तुमची दोन्ही पावलं तपासली, नॉर्मल. जखम न्हाई. तळव्याला सगळं कळतंय."

"दोन्ही?"

"व्हय, दोन्ही. तिन्ही कागदांवर तेच."

दुकानातली माणसं खो खो हसली. मीही तोंड उघडलं. हसू आलं नाही. जन्मात पहिल्यांदा आलं नाही.

मी चड्डीच्या कापडालासुद्धा माप घेतल्याशिवाय कात्री लावत नाही. या माणसानं मला बोटही न लावता माझा तुटलेला पाय कागदावर उगवायला लावला. आणि जो होता, तो सडू दिला.

दुसऱ्या दिवशी परत त्या डॉक्टरकडं गेलो. खुर्चीत बसलो, बूट-मोज्यासकट रबरी पाय काढला आणि त्याच्या कीबोर्डवर ठेवला. स्क्रीनवर एकच अक्षर ओळीनं उमटत गेलं.

"तपासा. कागदावर दोन्ही नॉर्मल लिवलेत तुमी."

"अहो, हे काय? ते सिस्टीममध्ये आपोआप भरलं जातं."

"मंग तुमी कशाला बसलाय हितं?"

मग डावा मोजा काढला. वास सुटला. त्याचं तोंड पांढरं पडलं.

दुसऱ्या दवाखान्यात डाव्या पायाची दोन बोटं काढली. तिथली डॉक्टरीणबाई म्हणाली, "आधी का नाही आलात?" गेलो होतो की नगरच्या दवाखान्यात, तीनदा. आता पायडल मारताना तोल जातो. टाके वाकडे पडतात.

परवा त्या पहिल्या दवाखान्याचा मॅनेजर फळांची टोपली घेऊन घरी आला. "काका, रेकॉर्ड दुरुस्त करून देतो. जुने कागद तेवढे द्या."

फळं म्हशीला घातली. कागद दिले नाहीत.

बूट घालून मिरवलो, ही माझी चूक. ती मी दोन बोटांनी भोगली. डॉक्टरची डॉक्टरला भोगायचीय. तिन्ही कागद ग्राहक न्यायालयात लावलेत. माफी मागितली तरी तक्रार मागं घेणार नाही. त्याला उभा करणार आणि चार लोकांत विचारणार, माझा उजवा पाय तपासलास, तो कुठला? उत्तर देईपर्यंत त्याला खाली बसू देणार नाही.