दोन सेकंदांचं हसू

गाण्यातला गाणारा गप्प बसला की ज्याचा चेहरा उजळतो असा रसिक टोकियोतल्या अख्ख्या निशी-कसाईत, आणि मी तर म्हणेन अख्ख्या पृथ्वीवर, एकच आहे आणि तो नेमका माझ्या सासरचा आहे. नात्याने ते माझ्या नवऱ्याचे थोरले मावसभाऊ, म्हणजे माझे भावोजी. व्यवसायाने शास्त्रज्ञ. चिनीमातीला तडे का जातात या एका प्रश्नावर त्यांनी टोकियोत पंचवीस वर्षं काढली, पण तो झाला पोटापाण्याचा प्रश्न. त्यांचं खरं आयुष्य गेलं न्यूयॉर्कच्या चार पोरांच्या एका हिप-हॉप ग्रुपपायी. भावोजी इथे विद्यार्थी होते तेव्हा ही पोरं गाजत होती. मग तीन आल्बम काढून भांडली आणि पांगली. चौघांतले दोघे पुढे उभे राहून तोंडाचा पट्टा सोडायचे. उरलेले दोघे मागे बसून जुन्यापुराण्या रेकॉर्डमधले इवले इवले तुकडे कापायचे, एकाला एक जोडायचे आणि त्यातून खालचं सगळं संगीत उभं करायचे. जगाला पुढचे दोघे माहीत. भावोजींना पुढच्यांची नावंसुद्धा चटकन आठवत नाहीत. "अगं, गोधडी पांघरली कोणी हे काय बघायचं? शिवली कोणी ते बघ," असं ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले होते, आणि तेव्हा मी विमानतळावरून आणलेली बॅगसुद्धा अजून हातातून खाली ठेवली नव्हती.

त्यांच्या फ्रिजवर दोन याद्या शेजारी शेजारी लावलेल्या असतात. एकीत कोणत्या वारी कोणता कचरा बाहेर ठेवायचा ते, आणि दुसरीत पहिल्या आल्बममधला कोणता तुकडा मुळात कोणत्या रेकॉर्डमधला ते. पहिली यादी मोडली तर इमारतीत तुमचं नाव जातं, दुसरी विसरलात तर भावोजींच्या मनातून तुम्ही उतरता. त्या आल्बममध्ये एकंदर एकेचाळीस तुकडे. प्रत्येकाची मूळ रेकॉर्ड घरात हवी, असा भावोजींचा पण. त्यासाठी माणूस कुठे कुठे फिरला! कोबेला परिषदेला गेले की निबंध वाचायचा राहील, पण रेकॉर्डचं दुकान राहणार नाही. मागच्या दोघांपैकी एक वारला तेव्हा तर यांनी ऑफिसात रीतसर सुतकाची रजा मागितली. अर्जात 'मृताशी नातं' असा रकाना होता. तिथे बराच विचार करून यांनी 'काका' लिहिलं. जपानी माणसं अशा बाबतीत फार काटेकोर. दुसऱ्या दिवशी सगळ्या विभागाने मिळून काळ्यापांढऱ्या दोऱ्याचं सांत्वनाचं पाकीट पाठवलं, साहेबांनी खाली मान घालून चार शब्द सांगितले. सांत्वन स्वीकारलं की परतभेट द्यावी लागते, अशी इथली रीत. मग जाऊबाईंनी पुण्याहून आलेली सगळी बाकरवडी पुड्यांत बांधून चौदा जणांना पोचवली. "ज्या काकांचं मी तोंड पाहिलं नाही, त्यांच्या दिवसाला माझी दिवाळीची बाकरवडी गेली," हे त्या अजून ऐकवतात.

एकेचाळीसपैकी चाळीस रेकॉर्ड्स मिळाल्या. उरला एक तुकडा. तो म्हणजे एका बाईचं हसू. फक्त दोन सेकंद. गाणं सुरू होण्याआधी ती काहीतरी चुकल्यासारखी खुदकन हसते आणि मग ढोल पडतो. ही बाई कोण, कुठली, कोणत्या रेकॉर्डवर हसली, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून भावोजी ते हसू भेटेल त्याला ऐकवायचे. जाऊबाईंच्या हळदीकुंकवाला आम्ही सगळ्या वाण घेऊन उठणार तेवढ्यात यांनी दार अडवलं आणि हसू लावलं. शेजारच्या फुनाबोरीच्या एक बाई म्हणाल्या, "अगदी आमच्या वन्संसारखं हसतात हो!" बाकीच्या तोंडाला पदर लावून हसल्या, पण भावोजींनी वही काढली. "त्यांनी सत्तरच्या दशकात कुठे रेकॉर्डिंग वगैरे केलं होतं का?" गॅसचा मीटर तपासायला आलेल्या माणसालाही सुटका नव्हती. तो बिचारा बूट काढून आत आला, मान खाली घालून तीनदा हसू ऐकलं आणि आपल्याला ते ओळखता येत नाही याबद्दल कमरेत वाकून माफी मागून गेला.

हा शोध दर शनिवारी सकाळी सायकलवरून फुनाबोरीला जायचा. तिथल्या बाजारगल्लीच्या टोकाला एक जुन्या रेकॉर्डचं दुकान होतं. सहा माणसं आत शिरली तर सातव्याने बाहेर थांबावं एवढंच. मालकांना सगळे मास्टर म्हणत. सत्तरीचे, सडपातळ, बोलणं मोजकं. भावोजी आत जाऊन विचारायचे, "मादा देस का?" म्हणजे, अजून नाही का? मास्टर मान हलवून म्हणायचे, "मादा देस ने." अजून नाही हो. मग दोघे तासभर रेकॉर्ड्स चाळायचे, बोलायचे जवळजवळ काहीच नाहीत, आणि भावोजी घरी येऊन सांगायचे, "आज मस्त गप्पा झाल्या."

दोन हजार अकराच्या मार्चमध्ये भूकंप झाला तेव्हा भावोजी गाड्या बंद पडल्यामुळे चार तास चालत घरी आले. त्यांनी आधी "तुम्ही दोघी ठीक ना?" असं विचारलं की आधी रेकॉर्डच्या कपाटाकडे पाहिलं, यावर त्या घरात आजही एकमत नाही. लेक आईच्या बाजूने साक्ष देते, तीही जपानीत, म्हणजे वडिलांना उलटतपासणी करायला वाव राहू नये. कपाट पडलं नव्हतं, पण दीड वीत पुढे सरकलं होतं. भावोजींनी दुसऱ्याच दिवशी कागद घेऊन त्याच्या भाराचं गणित मांडलं आणि नियम केला: यापुढे एक ग्रॅमही जास्त नाही. एक रेकॉर्ड आत आली तर एक बाहेर जाणार, आणि कोणत्याही रेकॉर्डची दुसरी प्रत घरात राहणार नाही. आमच्या ओळखीची निम्मी घरं त्या दिवसांत मुलाबाळांना घेऊन भारतात गेली. आम्हीही गेलो, जाऊबाई आणि लेकही. भावोजी थांबले. "भिंत कशी तडकते ते मला माहीत आहे, ही तडकणार नाही," असं त्यांनी फोनवर सांगितलं. पण परत आल्यावर जाऊबाईंनी संकटकाळची पिशवी तपासली, तर चिवड्याच्या जागी टॉवेलात गुंडाळलेला तो पहिला आल्बम निघाला.

त्या वेळी ते का थांबले हे मला पुढे कळलं. मास्टर मूळचे जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या एका मासेमारीच्या गावचे. त्यांच्या थोरल्या भावाचं घर त्सुनामीच्या लाटेत गेलं, भाऊही गेला. दुकान बंद होतं. भावोजी दर शनिवारी सायकलवरून जायचे, बंद शटरसमोर थोडा वेळ उभे राहायचे आणि परत यायचे. चौथ्या की पाचव्या शनिवारी शटर उघडं होतं. "काय बोलायचं सुचेना गं," भावोजी मला म्हणाले. "जपानीतली सांत्वनाची वाक्यं पाठ करून गेलो होतो, एक आठवेल तर शपथ. शेवटी नेहमीचंच विचारलं, मादा देस का?" मास्टर म्हणाले, "मादा देस ने." आणि रेकॉर्ड्स चाळायला लागले. हे ऐकल्यापासून मी भावोजींची थट्टा करते ती जरा हात राखून.

त्यानंतर दोनेक वर्षांनी एक गोष्ट झाली, जी जाऊबाईंनी मला पोळ्या लाटता लाटता शपथेवर सांगितली. ते हसू सापडलं होतं. परदेशातल्या कोणा शौकिनाने इंटरनेटवर उलगडा केला होता. ती बाई निघाली जपानीच. त्याच ईशान्य किनाऱ्यावरच्या एका छोट्या कंपनीने काढलेल्या रेकॉर्डवरची, कोणाला नावही माहीत नसलेली गायिका. भावोजींनी ती रेकॉर्ड टपालाने मागवली, नियमाप्रमाणे एक रेकॉर्ड बाहेर काढली, यादीतली एकेचाळिसावी ओळ पेन्सिलीने हलकेच भरली. आणि पुढच्याच शनिवारी फुनाबोरीला जाऊन विचारलं, "मादा देस का?"

मी त्यांना विचारलंच, "भावोजी, मास्टरांना सांगत का नाही?"

"सांगून काय करू? मग शनिवारी विचारू काय?"

ज्या माणसाने बाटलीचं झाकण चुकीच्या डब्यात पडलं म्हणून पावसात खाली उतरून ते शोधून काढलं होतं, तो माणूस पुढची चार वर्षं दर शनिवारी धडधडीत खोटं बोलत राहिला. खोटं त्यांना जमत नाही. निघण्याआधी आरशासमोर उभे राहून चेहरा उतरवायचा सराव करायचे.

मग मास्टरांच्या दुकानाची इमारत पाडायचं ठरलं. मास्टर कोबेला लेकीकडे राहायला जाणार होते. जायच्या आधीच्या रविवारी ते भावोजींच्या घरी निरोप घ्यायला आले. मी तेव्हा तिथेच होते. त्यांच्या हातात कापडात बांधलेला चौकोनी जिन्नस पाहिला आणि मी जाऊबाईंना कोपराने ढोसलं, कारण भावोजींची स्वतःची प्रत रेकॉर्डच्या यंत्राशेजारी उघड्यावर उभी होती. आदल्या संध्याकाळी ऐकून तशीच ठेवलेली. जाऊबाईंनी प्रसंगावधान राखून पोळ्यांचा रुमाल तिच्यावर टाकला.

मास्टर गुडघ्यांवर बसले आणि कापड सोडलं. तीच रेकॉर्ड. "माफ करा," ते म्हणाले. "ही माझ्याकडे फार पूर्वीपासून होती. भूकंपाच्या आधीपासून. आमच्या गावाकडची आहे. मिळाली म्हणून सांगितलं असतं, तर शनिवारी तुम्ही आला नसता."

भावोजींनी सराव केलेला उतरलेला चेहरा इथे कामाचा नव्हता. आनंदाच्या धक्क्याचा सराव त्यांनी कधी केला नव्हता. ते "अरे!" असं मराठीत म्हणाले, मग "ओ!" असं बहुधा जपानीत म्हणाले, आणि मग त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं, ते अभिनयाच्या बाहेरचं होतं. दोघे एकमेकांपुढे इतका वेळ वाकून राहिले की मला वाटलं, कोणाची तरी पाठ धरली. रेकॉर्ड लावली. बाई हसली. मास्टर म्हणाले, "छान हसते." निघताना त्यांची नजर पोळ्यांच्या रुमालावर गेली. चाळीस वर्षं रेकॉर्ड्स हाताळलेल्या माणसाला रुमालाखालचे ते कोपरे कळले नसतील असं मला वाटत नाही. त्यांनी जाऊबाईंना फक्त चहाबद्दल धन्यवाद दिले.

नियमाप्रमाणे एक प्रत बाहेर जायला हवी होती. जाऊबाई वाट बघत होत्या. भावोजींनी दोन्ही प्रती कपाटात शेजारी शेजारी लावल्या आणि भार जमवण्यासाठी त्या ग्रुपचा पहिला आल्बम, तोच, संकटकाळच्या पिशवीतला, काढून मला देऊन टाकला. माझ्याकडे तो वाजवायला यंत्र नाही. देव्हाऱ्याशेजारी उभा करून ठेवलाय. कव्हरवरून पुढचे दोघे माझ्याकडे रागाने बघत असतात.

आता शनिवारी सकाळी भावोजी कोबेला फोन लावतात. म्हणे दुसऱ्या आल्बममध्ये एक सनईसारखा तुकडा आहे, तो कुठला ते कळत नाही. तो कुठला ते मला माहीत आहे. ती रेकॉर्ड भावोजींच्याच कपाटात आहे, तिसऱ्या फळीवर, डावीकडून नववी. मी इथे आले त्या वर्षीच मी तिच्यावरची धूळ पुसली होती. कधी कधी मला भीती वाटते की एखाद्या शनिवारी पलीकडून फोन उचललाच गेला नाही तर या माणसाचं काय होईल. मग मी काहीतरी निमित्त काढून दहाच्या सुमाराला त्यांच्याकडे जाते आणि भाजी निवडत बसते. घंटी वाजत राहते. भावोजी आरशात बघून चेहरा उतरवतात. पलीकडे कोणीतरी सावकाश रिसीव्हर उचलतं.

"मादा देस का?" भावोजी विचारतात, आणि उत्तर ऐकून हातानेच मला खूण करतात की अजून नाही.