मुलाखतीच्या दिवशीचं गढूळ पाणी

विद्यापीठाच्या स्थापत्य विभागात तिला सगळे गळतीबाई म्हणायचे. तेरा वर्षं ती एकाच मातीच्या धरणातून झिरपणारं पाणी मोजत होती. डॉक्टरेट झाली, शोधनिबंध छापून आले, तिच्या हाताखाली शिकलेल्या दोघी प्राध्यापक झाल्या. हिची नेमणूक मात्र अजून वर्षावर्षाची. कायम जागेची मुलाखत आली तेव्हा वयाची अट ओलांडायला तिला चार महिने उरले होते.

"समोरच्याची चूक काढत बसू नकोस," मुलाखतीला निघताना नवरा म्हणाला.

"आणि चुकलाच तर?"

"तर मनातल्या मनात काढ."

मुलाखतीच्या खोलीबाहेर लोखंडी बाकावर ती बसली होती. आत पहिला उमेदवार गेला आणि फोन वाजला. धरणावरचा राखणदार होता. रोज सकाळी पायथ्याच्या चरातलं पाणी मोजून तिला कळवायचं हे त्याचं काम.

"ताई, पाणी दोन बोटं वाढलंय."

"रंग?"

"त्यासाठीच फोन केला. चहासारखा झालाय."

मातीचं धरण थोडं पाझरतंच. पाझर स्वच्छ असेल तर काळजी नाही. गढूळ झाला म्हणजे पाणी भिंतीच्या पोटातली माती घेऊन निघालंय. आणि खाली दीड कोसावर अख्खी वस्ती.

"दादा, बाटलीत भरा. मागे वर्तमानपत्र धरा. अक्षरं दिसतात?"

पलीकडून बाटली बुडाल्याचा, मग कागद उलगडल्याचा आवाज आला. "मथळा दिसतो. खालचं काहीच नाही."

तिने धरणाच्या इंजिनियरला फोन लावला. "मॅडम, या दिवसांत पाणी वाढतंच," तो म्हणाला. "लेखी पाठवा, बघतो."

तेवढ्यात पहिल्या उमेदवाराची मुलाखत संपली आणि तिचे गुरू, विभागप्रमुख सर, बाहेर आले. निवड समितीत तेही होते. तिने सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"पुढचा नंबर तुझा. वीस मिनिटांचं काम आहे. आणि उगीच बोंब ठरली तर पाटबंधारे खातं आपल्याला धरणावर पाऊल ठेवू देणार नाही."

"आणि खरी ठरली तर, सर?"

सरांनी चष्मा परत चढवला. आतून तिचं नाव पुकारलं गेलं. ती दारापर्यंत गेली, उभ्या उभ्याच म्हणाली, "माफ करा, मला जावं लागेल," आणि जिना उतरली.

इंजिनियरचं कार्यालय दोन गल्ल्यांवर होतं. ती थेट त्याच्या टेबलासमोर उभी राहिली. "लेखी हवं होतं ना? कागद द्या. धोका आहे असं लिहून सही करते. वाचून तुम्ही बसून राहिलात, तर तेही त्यात येईल."

त्याने गाडी काढली.

धरणाच्या खालच्या उतारावर परातीएवढा खळगा पडून त्यातून गढूळ पाणी येत होतं. तो बघून इंजिनियरचा चेहरा उतरला. "सिमेंट मागवतो. तोंड बुजवून टाकू."

"बुजवू नका. इथे अडलं की दुसरीकडून फोडेल. पाणी येऊ द्या, माती अडवा. आधी वाळू, मग खडी, वर दगड."

धरणाची दारं उचलून जलाशय उतरवायला सुरुवात झाली. वस्तीतल्या माणसांना उंचावरच्या शाळेत नेलं. दुपारपर्यंत खळगा आणखी वीतभर रुंदावला. ती तासातासाला बाटली भरून वर्तमानपत्रापुढे धरत होती. ऊन कलताना मधला मजकूर वाचता आला. तिसऱ्या दिवशी पाणी नितळ झालं.

जागा दुसऱ्याला मिळाली. माणूस हुशार होता, त्याच्याबद्दल तिची तक्रार नव्हती. सरांनी फेरमुलाखतीसाठी अर्ज केला; नियमात बसत नाही, असं उत्तर आलं. नवरा दोन दिवस धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तो खळगा मला दाखवशील?" तिने नेलं. दगडांच्या थरांकडे तो बराच वेळ बघत राहिला.

चार महिन्यांनी वयाची अट उलटून गेली. त्या दिवशी प्रयोगशाळेच्या सामानाच्या खोलीत ती दार लावून रडली, मग तोंड धुऊन बाहेर आली. आता इतर धरणांचे राखणदार तिच्याकडे शिकायला येतात. नेमणूक अजूनही वर्षाचीच आहे. पहिल्या तासाला ती त्यांच्या हातात एकेक बाटली देते आणि म्हणते, "वाचा, कुठपर्यंत दिसतंय ते."