लेन्सच्या बाजूला कोण होतं?

माझ्या पहिल्या व्हिडिओत मी नव्हतोच. मोबाइलचा कॅमेरा आपल्याकडे फिरवायचा असतो, ते राहून गेलं. लाजेपोटी मी स्क्रीनकडे एकदाही पाहिलं नाही. मी मान खाली घालून बोलत राहिलो आणि मोबाइल समोरचं काचेचं कपाट टिपत राहिला. त्या कपाटात माझा माल असतो. म्हणजे डोळे. वर माझा आवाज, खाली ट्रेमध्ये ओळीनं मांडलेले डोळे, एकाचीही पापणी लवत नाही. हा व्हिडिओ मी न पाहताच घरच्या ग्रुपवर टाकला.

खापरखेड्याहून ताईचा फोन आला. "बाळ्या, जेवता जेवता उघडला गा मी तो. जावई ताटावरून उठून गेले ना."

मी कृत्रिम डोळे बनवतो. सीताबर्डीच्या मागच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर माझी खोली आहे. लोकांना वाटतं हा डोळा म्हणजे काचेची गोटी. तसं नसतं. ती ॲक्रिलिकची पातळ वाटी असते, पापणीच्या आत बसणारी. दातांचं माप घेतात तसं आधी डोळ्याच्या खोबणीचं माप घ्यायचं. मग चांगल्या डोळ्याकडे बघून बुबुळ हातानं रंगवायचं, आणि पांढऱ्या भागावर रेशमाचे लाल तंतू शिरांसारखे बसवायचे. या डोळ्यानं दिसत नाही. तो फक्त दिसतो.

समोर एक माणूस असेल तर मी तासभर बोलतो. दोन झाले की घसा कोरडा पडतो. लग्नात ग्रुप फोटो निघायला लागला की मी पंगतीची व्यवस्था बघायला जातो. असा माणूस व्हिडिओच्या भानगडीत पडला तो देवरावांमुळे.

देवराव पारशिवनीकडचे शेतकरी. त्यांची मुलगी वैष्णवी कॉलेजात जाणारी. शेतात कापसाची वाळलेली पऱ्हाटी उपटताना काडी डोळ्यात घुसली आणि तो डोळा काढावा लागला. देवराव एकटेच आले. अपघाताच्या आधीचा तिचा फोटो त्यांनी टेबलावर ठेवला.

"साहेब, मापाबिगर नाही का होत? रंग यातून पाहून घ्या."

"चपलेसारखा अंदाजानं नाही घेता येत हो डोळा. तिला घेऊन या."

"येतच नाही ना ती. खोलीच्या बाहेर निघत नाही. आम्ही बोलाले गेलो का तोंड भिंतीकडं करते."

"मग दिवसभर करते काय?"

"मोबाइल पाहून राहते. तुम्ही त्याच्यात या ना साहेब. आमचं नाही, पण मोबाइलचं ऐकीन ते."

मी हसण्यावारी नेणार होतो. पण या कामातली एक गोष्ट मला माहीत होती आणि त्यांना नव्हती. खोबण फार काळ रिकामी राहिली की आक्रसते. मग डोळा बसवायला पुन्हा ऑपरेशन लागतं, आणि तरी नीट बसेल याची खात्री नसते. वैष्णवीची खोबण रिकामी होऊन बरेच महिने झाले होते.

म्हणून कपाटाच्या फजितीनंतरही मी दुसरा व्हिडिओ केला. मे महिन्यातला रविवार, भर दुपार. गल्लीतली सगळी शटरं खाली. आवाज नको म्हणून कूलर बंद केला, तशी खोलीत अशी शांतता झाली की माझंच गिळणं मला ऐकू यावं. माझी बायको शुभांगी मोबाइल लावून त्याच्याशेजारी स्टुलावर बसली. मी बोललो. घाम पुसत, पण अखेरपर्यंत बोललो. या खेपेस चित्रात मी होतो. देवरावांना पाठवला, यूट्यूबवरही टाकला.

ज्या दवाखान्यातून माझ्याकडे पेशंट येतात, तिथल्या डॉक्टरांचा फोन आला. "माहिती चांगली दिली. पण बाजूला कोण आहे? तुम्ही आमच्याकडे बघतच नाही."

"आमची ही होती, सर."

"मग वहिनींना उठवा तिथून."

पुढच्या रविवारी शुभांगी आलीच नाही. मी एकट्यानं व्हिडिओ केला. डॉक्टर म्हणाले, "परत बसवलंत त्यांना?"

"नाही सर. ती घरी होती."

डॉक्टरांनी व्हिडिओ पुन्हा लावल्याचा आवाज फोनमधून आला. मग म्हणाले, "बघा एकदा तुम्हीच."

मी बघितलं नाही. आपलं तोंड बघायची हिंमत असती तर एवढं रामायण कशाला झालं असतं? त्याच्या पुढच्या वेळी फक्त मोबाइल भिंतीला टेकवून ठेवला. आता त्याच्या मागे माणूसच काय, पालसुद्धा मावली नसती. तो व्हिडिओ टाकला आणि खाली लोक लिहायला लागले. "काका, माझ्या उजव्या बाजूला कोण आहे?" "मी दोनदा मागे वळून पाहिलं." एकानं लिहिलं, "एकट्यानं पाहू नका." ताईनं खोलीच्या दाराला लिंबू-मिरची बांधायला सांगितलं.

तेव्हा कुठे मी शुभांगीला शेजारी बसवून तो व्हिडिओ लावला.

पडद्यावरचा तो माणूस माझा शर्ट घालून बसला होता. बोलत होता चांगलं. पण लेन्सच्या जराशा बाजूला, अगदी एकाच ठिकाणी पाहत होता. नजर भिरभिरत नव्हती. लाजणारा माणूस इकडेतिकडे बघतो, हा तसा बघत नव्हता. कुणीतरी समोर बसलंय, त्याला वेळ द्यावा, तसा मधूनच थांबत होता. एकदा तर त्यानं मान किंचित तिरपी करून जवळून पाहिलं आणि आपल्याशीच "हं" केलं.

माझ्या अंगावर काटा आला. बसल्या जागी उजवीकडे पाहिलं. भिंत होती. शुभांगीनं मोबाइल पालथा घातला.

"कोणाशी बोलत होते तुम्ही?"

"कोणी नव्हतं गं."

"मग 'हं' काहून केलं?"

मला आठवतच नव्हतं. आपण एक गोष्ट केली, ती समोर दिसतेय, आणि ती केल्याचं आपल्याला ठाऊक नाही, यासारखं भीतिदायक मी तरी दुसरं काही पाहिलेलं नाही. पुढचे काही दिवस खोलीत एकटा असलो की मी कपाटाला पाठ करून बसत नसे. सगळे व्हिडिओ काढून टाकायचे ठरवलं. कसे काढतात ते शोधतच होतो, तेवढ्यात देवरावांचा फोन आला.

"साहेब, पोरगी येतो म्हणून राहिली. उद्या आणू का?"

वैष्णवी आली ती ओढणीनं अर्धा चेहरा झाकून. खुर्चीत बसली. मी ओढणी काढ म्हणालो नाही, तसं कधीच म्हणत नाही. माझी वाट्या-ब्रशांची मांडामांड चालू होती.

"काका, एक विचारू? तुम्हाले कसं माहीत, माझा उजवा नाही ते?"

"कुठे माहीत होतं? तुझे बाबा एक डोळा गेला एवढंच म्हणाले होते."

"मग व्हिडिओत तिकडंच काहून पाहत होते?" तिनं ओढणी खाली केली. "घरी कोणीच पाहत नाही तिकडं. आई बोलते तर कपाळाकडं पाहून बोलते. बाबा जमिनीकडं. तुम्ही मात्र सरळ याच्याकडं पाहून बोलून राहिले होते. मले वाटलं, हे पाहू शकतात तर जाऊन येऊ."

मी तिच्या रिकाम्या खोबणीकडे पाहत हे सगळं ऐकत होतो. मान किंचित तिरपी होती. तोंडातून "हं" निघालं, आणि हातातला ब्रश तसाच राहिला.

खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येक पेशंटशी मी असाच बोलतो. रंग जुळवायला चांगल्या डोळ्याकडे बघायचं आणि बोलताना गेलेल्या डोळ्याकडे, म्हणजे त्या माणसाची तिथली लाज मोडते. कॅमेऱ्याला डोळा एकच. मी आपला त्याच्याही दुसऱ्या डोळ्याच्या जागी पाहत बसलो होतो. ती जागा उजवीकडेच का धरली, डावीकडे का नाही, याचं उत्तर मात्र माझ्याकडे अजून नाही.

वैष्णवीची खोबण आक्रसायला लागली होती, पण हाताबाहेर गेली नव्हती. ऑपरेशन टळलं. डोळा बसवल्यावर तिनं आरसा बराच वेळ सोडला नाही. देवराव जिन्यातच उभे होते, आत यायला धजत नव्हते. तिनंच हाक मारली, "बाबा, आता पाहा ना इकडं."

व्हिडिओ करू पाहणाऱ्या माझ्यासारख्या लाजऱ्या माणसांना एवढंच सांगेन, की टाकण्याआधी स्वतःचा व्हिडिओ एकदा बघावा. भीती वाटली तरी बघावा.

घरी येऊन शुभांगीला सगळं सांगितलं. म्हटलं, सुटलो बुवा एकदाचा, आता व्हिडिओ बंद. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आणि डावा गेलेल्यांनी काय करायचं? येत्या रविवारी दुसऱ्या बाजूला पाहून सगळं परत बोला."